हिमालयाची तयारी, घुग्घुसच्या ढिगाऱ्यावर

हसणार तर तुम्ही आहातच, पण निदान तोंडातला चहा गिळून मग हसा. आमच्या शेजारणीनं मध्येच हसायची घाई केली आणि तिची नवी साडी वाया गेली!

तर, बत्तीस वर्षं मी घुग्घुसच्या शाळेत गणित शिकवलं. मागच्या वर्षी रिटायर झाले आणि डोक्यात खूळ शिरलं. आता डोंगर चढायचे! माझी भाची पल्लवी दर उन्हाळ्यात नागपूरहून पंधरा-वीस जणांना हिमालयातल्या एका राष्ट्रीय उद्यानात घेऊन जाते. पाच दिवस नुसतं चालायचं, ओढे ओलांडायचे, तंबूत झोपायचं. मी म्हटलं, मी येणार.

आमचे हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "जंगलच पाहाचं हाय तं मोहर्ली इथी बाजूले हाय. जिप्सीत बस अन् वाघ पाहून घरी ये."

"जिप्सीत पाय हलतात का?" मी म्हटलं. "बसून बत्तीस वर्षं पेपर तपासले. आता मला चालायची सुटी पाहिजे."

पण पल्लवी तिच्या मावशीपेक्षा कडक! "पाठीवर दहा किलो घेऊन चढता आलं तरच नाव पक्कं," फोनवर म्हणाली. "सराव कर, आणि रविवारी सकाळी दहाच्या आत मला वजनाचा पुरावा पाठव. एकच जागा उरली आहे आणि मागे तिघं उभे आहेत."

आता घुग्घुसला डोंगर कुठून आणायचा? आम्हाला देवानं डोंगर दिला नाही, पण खाणीनं दिलाय. कोळशावरची माती उपसून उपसून जो ढिगारा झालाय ना, तो चढताना भल्याभल्यांची जीभ बाहेर येते. पायथ्याशी 'प्रवेश बंद'ची पाटी आहे. मला वाटलं, गुरांसाठी असेल.

राहिलं वजन. तांदळाच्या डब्याला ह्यांनी हात लावू दिला नाही. विटा पाठीला टोचतात. मग परसात पाणी तापवायच्या शेगडीचा कोळसा दिसला. तो गोधडीत गुंडाळला, बॅगेत कोंबला आणि हातानं तोलून पाहिला. बरोबर दहा किलो! गणिताची बाई मी, अंदाज चुकेल काय?

म्हणजे बघा. रविवारची सकाळ, धुळीसाठी तोंडाला घट्ट बांधलेला स्कार्फ, पाठीवर कोळसा, आणि चालले खाणीच्या ढिगाऱ्यावर! तुमच्या लक्षात आलं ना काय चुकतंय ते? माझ्या नाही आलं.

अर्ध्यावर गेले तर वरून दोन बायका येत होत्या. दोघींच्या डोक्यावर कोळशाची पोती. त्यातली मोठी थांबली. माझ्या बॅगेतून काळी भुकटी गळत होती, ती तिनं बोटानं चोळून पाहिली.

"काऊन वं बाई, वर कायले नेऊन राह्यली? कोळसा तं खाली न्याचा असते!"

"सराव करून राह्यले," मी धापा टाकत म्हटलं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "पहिल्यांदा होते असं," ती मोठी मायेनं म्हणाली. "पण पाठीवर नोको घेऊ. डोक्यावर घे, पळाले बरं पडते."

कशाला पळायचं, असं मी विचारणार तेवढ्यात खालून शिटी वाजली. त्या दोघी पोत्यांसकट अशा दिसेनाशा झाल्या की काय सांगू! मीही पळाले असं मला म्हणायचं आहे. पण खरं म्हणजे मी बसले.

"ए, थांब! हलू नोको!" सिक्युरिटीवाला धावत आला. हलायची ताकद होती कुठं? मी स्कार्फ काढला आणि तो दगडासारखा उभा राहिला. "बाई? तुमी?"

आमचा सुधाकर! दुसऱ्याचा कंपास उचलला म्हणून मी ह्याला आठवीत अख्खा तास वर्गाबाहेर उभं केलं होतं.

"बाई, बॅगमंदी काय हाय?"

"कोळसा."

"कुठला?"

"माझा. घरून आणलाय."

सुधाकरनं बॅग उघडून आत डोकावलं. मग हळूच म्हणाला, "बाई, कंपासाच्या वक्ताले मी याच्याहून बरं कारण सांगतलं होतं जी."

त्यानं मला चौकीत नेलं. तिथल्या साहेबांना मी सगळं सांगितलं. भाची, हिमालय, तंबू, दहा किलो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बॅग काट्यावर ठेवायला सांगितली.

साडेचार किलो!

"त्यातही अर्धी गोधडीच," साहेब म्हणाले. "जाऊ द्या बाई. एवढ्याशाची कुठं केस करायची?"

कोणी शहाणी असती तर हात जोडून तिथून निघाली असती. पण मी! "शक्यच नाही! दहा किलो आहे! तुमचा काटा खराब आहे, परत मोजा!"

सुधाकर रडकुंडीला आला. "बाई, पाया पडतो, चूप बसा नं! कमी हाय तेच बरं हाय!"

"काय बरं आहे? दहा किलो कोळसा आहे माझ्याजवळ! हवं तर लिहून देते!"

साहेबांनी पेन उचललं. "लिहून देता?"

सुधाकरनं झटकन बॅग परत काट्यावर ठेवली. ह्या वेळी चार किलो चारशे भरली. मधल्या भांडणात एक ढेप खाली पडली होती.

माझं तोंड एवढंसं झालं. केसची भीती नव्हती हो! साडेचार किलोला मी अर्ध्यात बसले, मग दहा किलो घेऊन हिमालय काय चढणार? फार वाईट वाटलं. डोळ्यांत पाणीच आलं. सुधाकरनं गुपचूप पाण्याचा ग्लास पुढे केला. तेवढ्यात पल्लवीचा मेसेज. 'मावशी, पावणेदहा झाले. पुरावा?'

साहेबांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "नोंद करावी लागते. वाचा अन् सही करा."

अक्षर सुधाकरचं. 'वयस्कर महिला एक. सोबत गोधडी व किरकोळ कोळसा. चोरी नाही. दम लागल्याने पाणी पाजून सोडले.'

सवयीनं मी चूक शोधली. एकही नव्हती! पोरगं आयुष्यात पहिल्यांदा बिनचूक लिहीत होतं, तेही माझ्यावर. मुकाट्यानं सही केली. दुसरा पुरावा कुठून आणणार? साहेबांना विचारून त्याच नोंदीचा फोटो काढला, पल्लवीला पाठवला आणि देवाचं नाव घेतलं.

दोन मिनिटांत उत्तर आलं. 'मावशी, तू येच! बॅग खेचरावर टाकू. पाणी पाजायला एक माणूस जास्तीचा घेते.'