मिस्तरीच्या दोन स्प्रिंगा

मी मिस्तरीला फसवलं. नागपूरच्या साहेबांनी मला फसवलं. मिस्तरीनं कोणालाच फसवलं नाही, आणि नाव मात्र त्याचंच गेलं.

सडक अर्जुनीला महामार्गाच्या कडेला माझं जुन्या गाड्यांचं आवार आहे. पंक्चर काढता काढता ते उभं केलं, कोणाच्या बापाची मदत घेतली नाही. लिलावातल्या गाडीला लाथ मारायची, नाक मुरडायचं आणि मालकाच्याच तोंडून तिची खोड वदवून घ्यायची, ही माझी विद्या. दोन हजार आठच्या आसपास असाच एक डबल केबिनचा ट्रक घेतला. विजेच्या तारा ओढणाऱ्या टोळीचा होता तो. ड्रायव्हरच्या मागे माणसांसाठी आणखी एक बाकडं, मागे मालासाठी लहानसा उघडा डाला. पुढच्या चाकांनाही जोर असलेली फोर बाय फोर गाडी. पण आमच्याकडे तिला गिऱ्हाईक नव्हतं. गिरणीवाले यायचे, बघायचे, हसायचे. "डाल्यात माल मावत नाई, अन् ह्या बाकड्यावर का वरात नेऊ?"

मग साहेब आले. जन्मभर पूल बांधून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांना बाईंसोबत, म्हणजे त्यांच्या पत्नीसोबत, महिना महिना जंगलात राहायचं होतं, जिथं रस्ता नाही तिथं जायचं होतं. डाल्याच्या जागी एक खोली हवी होती. तिच्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, आणि केबिनची मागची भिंत कापून खोलीत जायला छोटं दार. मी हो म्हटलं, कारण हे करणारा माणूस माझ्याकडे होता.

मिस्तरी देवरीकडचा, कोहळी घरातला. त्याच्या आज्या-पणज्यांनी तलाव बांधले, हा ट्रकांच्या बॉड्या बांधायचा. त्याच्या हातच्या बॉडीसाठी ट्रकमालक तीन-तीन महिने थांबायचे. त्यानं पहिल्या दिवशी वेल्डिंगला हातच लावला नाही. ट्रकाचं एक पुढचं चाक मुरमाच्या ढिगावर चढवलं, चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, दोरी लावली आणि मला नि साहेबांना खाली वाकायला लावलं.

"पाहा सेठ, कशी पीळ घेऊन राहिली."

खरंच, लोखंडाची ती लांब चेसिस ओल्या कपड्यासारखी पिळली होती. मिस्तरीनं ठरवलं की खोली मागच्या बाजूनं चेसिसला घट्ट बसवायची, पण पुढचे दोन कोपरे स्प्रिंगांवर ठेवायचे. केबिन आणि खोली एकमेकींना जोडायच्याच नाहीत, मध्ये ताडपत्रीचा, घड्या पडणारा भाता लावायचा. चेसिस खाली कितीही पिळू दे, खोली सरळ राहील.

"तलावाची पार किती बी मजबूत बांधा," तो साहेबांना म्हणाला, "जास्तीचं पाणी जाले सांडवा नसला का फुटते. गाडीले बी सांडवा लागते जी."

साहेबांनी वहीत आकृती काढून घेतली. मान डोलावली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

काम झालं. महामार्गावर फेरी मारली तर खोली डुलायला लागली. बाई आत पलंगावर होत्या, त्यांना मळमळलं. साहेब उतरले आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "असं हलणारं नको. सगळं घट्ट करून टाका. मिस्तरीला तुम्हीच सांगा, तुमचा माणूस आहे." गिऱ्हाईक हातचं जाईल या धाकानं माझं डोकं तापलं होतं.

"स्प्रिंगा काढ. चारी कोपरे वेल्ड मार. भाता बी काढ, पत्रा लाव," मी मिस्तरीला म्हटलं.

"मंग पीळ कुठी जाईन सेठ?"

"तुह्या डोक्यात जाईन! साहेबानं पूल बांधले, अन् तू मले शिकवून राहिला?"

"पूल जागचा हालत नाई जी."

आवारातले टायरवाले फिदीफिदी हसले. मी हातातला पाना भिरकावला. "करतं का दुसरा पाहू?"

त्यानं पाना उचलला, पँटीला पुसला, पेटीत जागेवर ठेवला. म्हणाला, "हव जी."

आमच्या झाडीपट्टीत हव जी दोन तऱ्हेचं असतं. एक म्हणजे कबूल. दुसरं म्हणजे तुमचं ऐकलं, आता तुमच्याशी बोलणं संपलं. जन्मभर सौदे केलेल्या माणसाला हा फरक कळत नाही असं होत नाही. मला कळलं होतं. मी दुसरं ऐकलं आणि पहिलं समजून चाललो, कारण त्यात माझी सोय होती.

त्यानं वेल्डिंग केलं, आणि सुबक केलं. दोन दिवसांनी सकाळी देवरीच्या जंगलात गाडी पारखायला गेलो. साहेब चालवत होते, बाई मागे खोलीत, मी आणि मिस्तरी मधल्या बाकड्यावर. नाला उतरताना पुढचं डावं चाक दगडावर चढलं, मागचं उजवं खड्ड्यात गेलं, आणि आमच्या पाठीमागे पत्रा किंचाळला. केबिनची मागची भिंत छोट्या दारापासून छतापर्यंत फाटली. खोलीची दोन्ही दारं आवळली. बाई आतून हाका मारत होत्या. मिस्तरीनं लोखंडी सब्बल घालून बाहेरचं दार उचकटलं आणि त्यांना हाताला धरून काढलं. कोपर सोलवटलं होतं, बाकी निभावलं. मोहफुलं वेचणाऱ्या बायका जमल्या, वरच्या रस्त्यावर दोन ट्रकवाले थांबले.

बाईंच्या देखत साहेबांनी माझ्याकडे बघत विचारलं, "हे वेल्डिंग करायला कोणी सांगितलं होतं?"

मी थांबलो. वाटलं, आपल्या प्रश्नाचं उत्तर ते आपणच देतील. त्यांनी दिलं नाही. मग मी मिस्तरीकडे बोट केलं. "यानंच डोकं लावलं. मी स्प्रिंगा ठेव म्हणून राहिलो होतो."

सब्बल अजून त्याच्या हातात होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"हव जी," म्हणाला. आणि गाडी निदान परत जाईल एवढा पत्रा ठोकून बसवायला लागला.

तो ओरडला असता तर मी त्याच्याहून मोठ्यानं ओरडलो असतो. तेवढंच मला येतं.

महामार्गावर बातमी ट्रकाच्या चाकांवर बसून जाते. महिनाभरात ढाब्या-ढाब्यावर झालं, "त्याच्या हातची बॉडी फाटते." रांग लावणारे ट्रकमालक दुसरीकडे गेले. मला एकदाही कोणी विचारलं नाही आणि मी आपण होऊन सांगितलं नाही. आता तो खिडक्यांच्या जाळ्या करतो. मीही त्याला काम देत नाही. तो समोर आला की माझी मान खाली जाते, म्हणून. चूक माझी, आणि भाकर त्याची गेली.

तीन-चार वर्षांनी एका ढाब्यावर साहेबांचा तो ट्रक दिसला. मी धुळीत गुडघे टेकून खाली पाहिलं. पुढच्या दोन कोपऱ्यांना स्प्रिंगा, केबिन आणि खोलीच्या मध्ये ताडपत्रीचा भाता. साहेब खाटेवर बसून दोन-तीन प्रवाशांना समजावत होते, "चेसिसला पीळ घ्यायला जागा द्यायची. ही माझी युक्ती." मला पाहून त्यांनी चहा मागवला. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीवरून भांडणारा मी, तो चहा मुकाट्यानं प्यालो. चांगला झाला आहे म्हणालो.

साहेब, माझ्या हिश्श्याचं मी वर लिहिलं आहे, एक शब्द गाळला नाही. आता तुम्ही बोला. "सगळं घट्ट करून टाका" हे तुम्ही मला म्हणालात की नाही? म्हणाला असाल, तर नाल्यात बाईंसमोर कोणी सांगितलं म्हणून का विचारलंत? आणि युक्ती तुमची होती, तर त्या दिवशी ती मोडायला का लावलीत? मला कळवू नका, चहा पाजू नका. मिस्तरीचं घर देवरीच्या रस्त्यावर आहे, मी सोबत येतो. त्याच्या अंगणात, त्याच्या शेजाऱ्यांच्या देखत, उत्तर द्या.