पेंडीतलं जिवाणू

गंगापूरकडची ती फिर्याद आठवली की मला आजही हसू आवरत नाही. तेव्हा मात्र कुणी हसत नव्हतं.

दुष्काळाचं साल होतं. चारा छावणीतली गुरं आणि त्यांच्या धन्यांची भांडणं, हेच आमच्या ठाण्याचं रोजचं काम झालं होतं. एका सकाळी, मेंढरं विकून एका गाईवर आलेली एक मावशी माझ्यासमोर येऊन बसली.

"सायेब, जावईबापूंनी माझ्या गाईच्या पेंडीत जिवाणू घातलंय. पांढरी अंडी म्या डोळ्यांनी बघितली. फोनवर सांगत व्हते, जिवंत हायेत, पोटात जाऊन वाढत्याल."

आमच्या भागात सापाचं नाव घेत नाहीत, जिवाणू म्हणतात. मीही मूळचा इकडच्याच पिशोरचा. माझ्याही अंगावर काटा आला.

"लेक माहेरी आलीय. तिला आता नाय धाडायची असल्या घरी." तिने डोळ्यांना पदर लावला. मग हळूच म्हणाली, "पर मारू नका बरं. जावई हायेत."

जावई वाळूजला पशुखाद्याच्या कारखान्यात कामाला होता. त्याला बोलावून पंचांसमक्ष त्याच्या खिशातली पुडी जप्त केली. आत मोहरीएवढे पांढरे मणी होते. हवालदार टेबलापासून लांबच उभा राहिला.

"पेंडीत काय घातलंस?"

"जिवाणू, साहेब."

"जिवंत?"

"व्हय तर! मेलेले काय कामाचे?"

इतकी सरळ कबुली मला नोकरीत पुन्हा मिळाली नाही. पंचनाम्यात वर्णन लागतं, म्हणून विचारलं, "लांबी किती असते?"

तो गोंधळला. "लांबी? डोळ्यांना दिसत नाहीत साहेब. दह्यात असतात तसले. पोटातल्या आंबटात मरू नयेत म्हणून वरून कवच. नुसतं उसाचं वाढं, शेंड्याचा पाला खाऊन गाईला हगवण लागली होती. सासूबाईंना कारखान्याचं काही चालत नाय, म्हणून गुपचूप घातले."

छावणीच्या पशुवैद्यकांनी तेच सांगितलं, तेव्हा कुठे मावशीला पटलं. "अवो, मग विरजण म्हणायचं की! लेकीचा संसार मोडला असता म्या," म्हणत तिने रडतरडतच जावयाची दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली.

कबुली मिळाली की पोलिसाचा हात लेखणीकडे जातो. त्यानंतर मात्र मी प्रत्येक कबुलीला विचारत आलो, म्हणजे नेमकं काय? दोन माणसं एकाच गाईवर जीव टाकत होती आणि मी गुन्हा नोंदवायला बसलो होतो.

गाय सावरली. लेकीला सासरी पोचवून परतताना मावशी दह्याचं गाडगं घेऊन ठाण्यात आली.

"घ्या सायेब. जिवाणू घरचंच हाय."

हवालदाराने वाटी आणली, पण आधी मला खायला लावलं.