गवत कोंबलेली घंटा

रावनावहिनी कुणाच्या बापाला भीत नसे. कळपात शिरलेल्या लांडग्याला तिनं नुसत्या काठीनं हाकललं होतं. कर गोळा करायला आलेल्या साहेबाला "आधी बूट झाडा, मग आत या" असं सुनावलं होतं. आणि माझ्या दादाला, हेआइकाला, तर ती चारचौघांत "अर्धंकच्चं मांस" म्हणायची. पण आकाशात ते आले, की हीच बाई टोपी कानांखाली ओढून मुकाट बसे.

शाळेच्या पुस्तकात त्यांना ध्रुवप्रकाश म्हणतात. आम्हा उत्तरेकडच्या रेनडिअर पाळणाऱ्यांत नाव घेत नाहीत, 'वरचे' म्हणतात. वरचे आले की शीळ घालायची नाही, गायचं नाही, आणि बाईनं उघड्या डोक्यानं उभं राहायचं नाही. त्यांना ऐकू जातं, आणि ते न्यायला येतात. वहिनीच्या थोरल्या भावानं एकदा पैजेवर शीळ घातली होती. वसंतात तो नदीवरचा बर्फ फुटून बुडाला. "अगं, मधे चार महिने गेले होते," मी म्हणायची. ती म्हणायची, "त्यांना घाई नसते."

मी चार वर्षं शाळेत राहून आलेली, त्यामुळे माझा या सगळ्यावर विश्वास नव्हता. निदान दिवसा तरी नव्हता.

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर वहिनीला मुलगा झाला. इसात. तो पाच महिन्यांचा असताना आम्ही दोघी हिवाळी तळाकडे निघालो होतो. दादा कळप घेऊन आधीच पुढे गेला होता. पाच घसरगाड्या एकामागे एक बांधलेल्या, प्रत्येकीला एक रेनडिअर. पुढच्या जनावराचा दोर वहिनीच्या हातात, मी बाजूनं पायाला बांधलेल्या लाकडी पट्ट्यांवरून बर्फावर घसरत. इसातचा पाळणा सगळ्यात शेवटच्या गाडीत होता. आमच्यात तान्हं मूल शेवटीच ठेवतात, कारण मग त्याच्यामागे जनावर नसतं आणि शिंग लागायची भीती नसते. ती गाडी म्हातारा, थंड डोक्याचा रेनडिअर-बैल ओढायचा आणि त्याच्या गळ्यात घंटा असायची. घंटा वाजतेय तोवर दोर शाबूत आहे, मागे वळून बघायचं कारण नाही.

दुपारचे तीन वाजले असतील. डिसेंबरात आमच्याकडे तेव्हा अंधारच असतो. टेकडीच्या कडेवर एक फिकट पट्टा दिसला, तो बघता बघता डोक्यावर आला आणि हिरवा झाला. वहिनीनं गाड्या थांबवल्या. मागे पळत गेली, पाळण्यावरचं कातडं नीट केलं, आणि बुटात ऊबेसाठी घालायचं वाळलं गवत मुठीनं काढून घंटेत कोंबलं.

"एवढं कशाला? तुझं घोरणं ऐकू येत असेल तर घंटेचं काय घेऊन बसलीस?" मी म्हटलं.

"जिभेला हाड नाही तुझ्या, सुन्ना. मान खाली घाल आणि चल."

मी हसले. पण मान खाली घातली, हेही खरं सांगते. त्या दिवशी हिरव्याच्या खालच्या काठाला लाल रंग होता, आणि लाल मी आधी कधी पाहिला नव्हता.

अर्धा-पाऊण तास आम्ही तशाच चाललो. वाऱ्यानं भुरभुरता बर्फ जमिनीलगत धावत होता. एका खडकाच्या आडोशाला वहिनी इसातला पाजायला म्हणून थांबली आणि मागे गेली. गाड्या चारच होत्या. चौथीच्या मागे थंडीनं कडक होऊन तुटलेला चामडी दोर वीतभर लोंबत होता.

वहिनी ओरडली नाही. तिनं तो दोर हातात घेतला, सोडला, पुन्हा घेतला. मग एवढंच म्हणाली, "घंटा मीच बंद केली."

चारही जनावरं खडकाला बांधून आम्ही उलट निघालो. आमच्याच गाड्यांचे माग वाऱ्यानं पुसले होते. पठारावर ना झाड, ना कुंपण. बैल कुठल्याही बाजूला गेला असेल, आणि त्या थंडीत पाच महिन्यांचं मूल किती वेळ तगतं हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. वर लाल काठ हलत होता. तो आमच्याबरोबर चालतोय असं मला वाटायला लागलं, आणि शाळेत शिकलेलं काहीसुद्धा आठवेना.

"वहिनी, हाक मार. बैल तुझा आवाज ओळखतो."

"श्श."

"अगं मार ना!"

"ते ऐकतील, सुन्ना." तिची बोबडी वळली होती. "मी गायले तर ते त्यालाच नेतील."

"मग गप्प राहून तरी वाचणार आहे का?" मी रडतच ओरडले.

ती थांबली. तिनं टोपीच्या गाठी सोडल्या आणि टोपी खाली टाकली, कानावर काही नको म्हणून. केस वाऱ्यावर मोकळे झाले. मग तिनं मान वर केली, सरळ त्यांच्याकडे बघितलं, आणि इसातचं गाणं म्हटलं. आमच्यात प्रत्येक माणसाचं आपलं एक गाणं असतं. इसातचं तिनंच बांधलं होतं, पाळण्याशी वाकून पुटपुटायची तेवढंच. आता ते ती छाती फाटेस्तोवर गात होती. म्हणायची, थांबायची, ऐकायची. पुन्हा म्हणायची. उत्तराला घंटा वाजणार नव्हती. तिनंच ती मुकी केली होती.

कितव्या खेपेला ते मोजलं नाही, पण डावीकडून टक टक ऐकू आलं. रेनडिअर चालला की त्याच्या पायातली शीर वाजते, तो आवाज. म्हातारा बैल गाडी ओढत सावकाश तिच्या गाण्याकडे येत होता.

इसात जागा होता. एक गाल पांढरा पडला होता. वहिनीनं त्याला अंगरख्यात छातीशी घेतलं, तेव्हा कुठे तो रडला. मग तिनं घंटेतलं गवत ओरबाडून काढलं. वहिनीच्या एका कानाची कड त्या दिवशी थंडीनं गेली, ती कायमची.

मला वाटलं, चला, आता तरी हिची भीती जाईल. कसली जाते! त्या दिवसापासून वरचे आले की ती टोपी काढून दाराबाहेर जाऊन उभी राहायची. "गायले मी," वर बघून म्हणायची, "त्यानं नाही. मला न्या." भीतीनं थरथरत असायची, तरी ते मावळेपर्यंत हलायची नाही. दादा आधी चिडायचा, मग निमूटपणे तिच्या खांद्यांवर कातडं टाकायला लागला. इसात मोठा झाला, आजोबा झाला, आईला "वेडे, घरात चल" म्हणून ओढायला लागला. तिचं उत्तर ठरलेलं: "त्यांना घाई नसते."

गेल्या हिवाळ्यात ती वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळली होती. मी रोज जायची. एकदा दुपारी मी खिडकीचा पडदा ओढायला गेले आणि माझा हात थबकला.

"आलेत ना?" ती म्हणाली.

"आलेत."

"लाल?"

मी पडदा ओढायला घेतला.

"इसात कुठंय?"

"घरी आहे. नातवंडांत."

तिला उठता येत नव्हतं. ती थरथरायला लागली होती. तिनं हनुवटी वर केली, माझ्या हातांसमोर टोपीची गाठ आणली.

"टोपी काढ माझी, सुन्ना. आणि पडदा राहू दे."