एक टक्का लांब रायफल

नाशिकमधल्या इंदिरानगरच्या त्या गल्लीत सकाळी रंध्याचा आवाज सुरू झाला की बायका समजायच्या, सावळीरामकाकांचा चहा झाला. घरामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये त्यांचं बाकडं. अंबडच्या एका फाउंड्रीत त्यांनी उभा जन्म पॅटर्न केले. पॅटर्न म्हणजे जो भाग लोखंडात ओतायचा त्याचा आधी लाकडात घडवलेला नमुना. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड, म्हणजे बीड, ओतायचं. लाकूड चुकलं की पुढचं सगळंच चुकलं. म्हणून पॅटर्नवाल्याला फाउंड्रीत मान.

मग कंपनीत संगणकावर चालणारं मशीन आलं. काकांना कोणी काढलं नाही, फक्त स्टोअरमध्ये बसवलं. शेवटची काही वर्षं त्यांनी हातमोजे आणि सेफ्टी बूट वाटले. निरोपाला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि साहेब भाषणात म्हणाले की सावळीराम सगळ्यांशी फार गोड बोलायचे. घरी आल्यावर काका बायकोला, मालनबाईंना म्हणाले, "पॅटर्नचं नावसुद्धा काढलं नाही गं कोणी." आणि शाल घडी करून कपाटात ठेवून दिली.

त्यानंतर एक दिवस ज्ञानेश सर आले. सर मागच्याच गल्लीत राहणारे, कॉलेजात इतिहास शिकवणारे. त्यांचं मूळ गाव इगतपुरीकडचं. गावातले बरेच जण दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेतून थेट इटलीपर्यंत गेले होते. गावच्या जुन्या चावडीत सर त्यांच्या आठवणींची एक खोली लावत होते. फोटो मिळाले, पदकं मिळाली, एकाच्या घरी तर ज्वारी मोजायला वापरतात तो डबा लष्करी निघाला.

"बंदूक मात्र नाही," सर म्हणाले. "बंदुका सरकारच्या. माणसं घरी आली, बंदुका जमा झाल्या."

"थ्री नॉट थ्री ना? आपल्या पोलिसांकडे असायची ती?"

"तीच जात. पण मला त्या वेळची, विलायतेत घडलेली हवी. स्क्रूसकट तशीच. नाटकातली नको."

काकांनी आधी एकच विचारलं, "नळीला भोक?"

"अजिबात नाही. भरीव दांडा, खटका जाम. पोलिसांना मी लेखी कळवलंय."

सरांनी कुठून कुठून जुनी ड्रॉइंग्ज मिळवली होती. सोबत खोलीत लावायच्या पाटीचा मजकूरही आणला होता. 'मूळ मापांबरहुकूम. घडवणारे : सावळीराम, पॅटर्न मेकर, नाशिक.' काकांनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. त्यातला एक शब्द त्यांना निरोपाच्या दिवशी ऐकायचा होता.

मूळ रायफलचं लाकूड अक्रोडाचं, म्हणून इथंही अक्रोडच हवं. भद्रकालीतल्या एका फर्निचरवाल्याकडे जुन्या पलंगाची एक फळी पडून होती, ती आणली. इंच मिलिमीटरमध्ये करून घेतले आणि काम सुरू झालं. लोखंडी भाग ललितकडे. ललित हा कधीकाळी त्याच कंपनीत टर्नर होता, आता अंबडलाच त्याचं छोटं लेथचं दुकान.

मालनबाई दुपारचा चहा घेऊन शेडमध्ये यायच्या आणि जरा रेंगाळायच्या. नवऱ्याला इतकं गप्प आणि इतकं खूश त्यांनी खूप दिवसांत पाहिलं नव्हतं. लाकडाचा दस्ता कानशीने घासून झाला की काका डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवायचे. मग जवसाचं तेल, मग वाळवणं, मग पुन्हा तेल.

"माझ्या केसांना कधी एवढं तेल लावलं नाहीत," त्या एकदा म्हणाल्या.

"तुझे केस कुठं अक्रोडाचे आहेत."

स्वातंत्र्यदिनाला खोली उघडायची होती. त्याच्या आधल्या आठवड्यात काका लाकूड जुन्या चादरीत गुंडाळून ललितच्या दुकानात गेले. ललितने नळीच्या जागचा भरीव दांडा तेल लावून पुसून ठेवला होता. त्याने तो लाकडाच्या खाचेत बसवला. छान बसला. मग पुढच्या टोकाची लोखंडी टोपी लावली आणि दोघंही वाकून बघत राहिले. नळीचं तोंड टोपीच्या तोंडाशी यायला हवं होतं. ते करंगळीच्या नखाएवढं आत राहिलं होतं.

"दांडा आखूड काढलास," काका म्हणाले.

"मी? ड्रॉइंगवरून काढलाय काका. मोजा."

मोजला. दांडा बरोबर होता.

"मग तुमचं लाकूड लांब."

"माझं लाकूड?" काकांना हसूच आलं. "ललित, तू शिकाऊ म्हणून आलास तेव्हापासून माझं एक तरी लाकूड लांब निघालंय का?"

"तेव्हाचं तेव्हा. टेप लावा ना."

टेप लावली. लाकूड लांब होतं. काकांनी खिशातून स्वतःची पट्टी काढली आणि लाकडावर ठेवली. त्या पट्टीवर लाकूड काटेकोर मापात. ललितने आपली पट्टी शेजारी ठेवली, दोन्हीची शून्यं जुळवली. इकडे जुळलेल्या रेघा तिकडे टोकाला जाईपर्यंत एकमेकींना सोडून गेल्या होत्या.

काका स्टुलावर बसले.

ओतलेलं बीड थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न नेहमी किंचित मोठा करायचा. पण दर वेळी हिशोब कोण करत बसणार? त्यासाठी पॅटर्न शॉपमध्ये पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर शंभरात एकाने ताणलेला. काकांच्या हाताला आयुष्यभर हीच पट्टी. तिच्यावरचा 'एक टक्का' हा छाप त्यांच्याच अंगठ्याने घासून गेलेला. घरात साध्या पट्ट्याही होत्या, पण रायफलची पहिली रेघ मारताना हात सवयीने हिच्याकडेच गेला, आणि मग शेवटपर्यंत हीच राहिली.

"हिच्यावरून बिडाची रायफल ओतली असती," काका हळूच म्हणाले, "तर तंतोतंत मापात आली असती."

ललितला हसावं की नाही कळेना. तो म्हणाला, "एक सांगू? मी दांडा नवा काढतो. कड्या, टोपी, सगळं तुमच्या लाकडाच्या मापाचं. दोन दिवसांचं काम. काचेत ठेवल्यावर कुणाचा बाप मोजायला येतोय?"

 काकांनी लाकूड पुन्हा चादरीत गुंडाळलं आणि ते घरी आले.

मालनबाई कोथिंबीर निवडत होत्या. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "ललित म्हणतो तसं केलं तर दिसायला तीच दिसेल ना?"

"तीच."

"मग?"

"मग काही नाही."

"दिसायला तर शोकेसमधली प्लास्टिकची द्राक्षंही द्राक्षंच असतात," त्या म्हणाल्या आणि देठं बाजूला करत राहिल्या. "मला तुमच्या बंदुकीतलं काही कळत नाही. पण तुम्ही आल्यापासून तिची चादर सोडलेली नाही, एवढं दिसतंय."

काकांनी सरांना फोन लावला. सर हुश्श करून म्हणाले, "एक टक्का ना? अहो काका, मला वाटलं मोडलीबिडली. कुणाला दिसणार आहे?"

"सर, पाटीवर 'मूळ मापांबरहुकूम' लिहिलंय तुम्ही."

"मग तेवढं काढून टाकू."

"ते काढलं तर माझं नावही काढा," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "नवी करून देतो. उशीर होईल. तेवढी फळी भद्रकालीत आता नाही, काश्मीरहून मागवावी लागेल."

पंधरा ऑगस्टला चावडीतली खोली उघडली. मधोमध रायफल ठेवायची लाकडी घोडी उभी, तिच्यावर काहीच नाही. काका मागच्या रांगेत बसणार होते, पण सरांनी हाताला धरून पुढे आणलं. भाषणं झाली, पेढे वाटले. मग साळूबाई काठी टेकत आल्या. ऐंशी पार केलेल्या, भिंतीवरच्या फोटोतल्या गेणू शिपायाची मुलगी. त्या रिकाम्या घोडीपाशी थांबल्या.

"बंदूक कुठंय? मास्तर तर म्हनला व्हता, आमच्या दादाची, माज्या बापाची बंदूक आननार हाय."

सरांनी तोंड उघडलं, त्याआधी काका पुढे झाले. "माझ्याकडून माप चुकलं, मावशी. मी लाकडाचा कारागीर. परत करतोय."

म्हातारीने त्यांना खालीवर न्याहाळलं. "आखूड झाली का लांब?"

"लांब."

"मंग बरं. आखूड असती तर आमचा दादा म्हनला असता, सायबानं हितं बी काटछाट केली." आजूबाजूचे हसले. साळूबाई हसल्या नाहीत. "कर बाबा नीट. दादा तिला लय जपायचा म्हनं, उशाला घेऊन निजायचा. मी काय लगीच मरत नाय."

 परतताना मोटारीत, घोटी गेल्यावर काका मालनबाईंना म्हणाले, "जपायचा म्हणे."

दिवाळी उलटल्यावर अक्रोडाची फळी आली. काकांनी ती बाकड्यावर ठेवली, रंधा मारून सरळ केली. मग पेन्सिल कानावरून काढली आणि थांबले. त्यांच्या बाकड्याला, हत्यारांना कुणी हात लावलेला त्यांना कधी चालत नसे. मुलगी लहानपणी यासाठी किती रडली होती. त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारली.

मालनबाई पदराला हात पुसत आल्या. "काय हो?"

काकांनी हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली कोरी पट्टी त्यांच्या हातात दिली. "धर फळीवर. माप तू वाच, मी रेघ मारतो. माझा हात या बाबतीत भरवशाचा राहिलेला नाही."

"मला जमेल?"

"आकडे वाचायचेत. तुला बी.ए. कशाला केलं तुझ्या वडलांनी?"

त्यांनी चष्मा लावला, पट्टी नीट धरली, शून्य फळीच्या कडेला लागलंय का ते वाकून पाहिलं, आणि शाळेत धडा वाचावा तसा पहिला आकडा मोठ्याने वाचला. काका थांबले.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.

त्यांनी पुन्हा वाचला. मग काकांनी रेघ मारली.