आटवलेले रुपये

वडिलांच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी अमरावतीला परतले. त्याच दिवशी काकांनी वडिलांची नाणी अकोल्यातल्या सोनाराकडे दिली.

वडील शिक्षक होते. इंग्रज अमदानीतले चांदीचे रुपये त्यांनी सराफांकडच्या मोडीतून एकेक निवडून जमवले. त्यांत पंचम जॉर्जचा १९११ सालचा एक होता. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोभाटा झाला, आणि सरकारने ते रुपये मागे घेऊन पुष्कळसे वितळवले. हा वाचलेल्यांपैकी. वडिलांना तो मूर्तिजापुरात मिळाला. ते तो हातात द्यायचे, पण कडेने धरायला लावायचे.

निघताना नाण्यांचा डबा मी पिशवीत ठेवत होते. दारात आत्या बसली होती. शेजारणीला म्हणाली, "बापाची राख थंडी नाई झाली, अन् पोरगी डबे भरून राहिली."

मी डबा कपाटात परत ठेवला. कॉलेजात मुलींना वारसाहक्काचा कायदा शिकवणारी मी, लोक वाटणी मागायला आली म्हणतील म्हणून भ्याले. आत्यावरचा राग आता निवला आहे. स्वतःवरचा निवत नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा घरी गेले तेव्हा देवघरात वडिलांचा टाक होता. आमच्याकडे गेलेल्या माणसाची प्रतिमा चांदीच्या पत्र्यावर उठवून देवांशेजारी पुजतात. सोनाराकडे साचा एकच. त्यामुळे जन्मभर सायकलवर फिरलेले वडील फेटा बांधून घोड्यावर बसले होते.

"काका, नाणी कुठायत?"

"हे काय, तुह्या समोर! बजारची चांदी काहून आणू? त्याची चांदी, त्यालेच लावली. उरली त्याचं तबक केलं."

"त्यातला एक रुपया लाखात एक होता."

"रुपयाच होता न वं? तोई न चालनारा."

आत्या हसली. काका हसले नाहीत. "मोठा भाऊ असून धाकट्याचा टाक करा लागला मले," म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्या पाण्याचाही संताप आला. सरकारच्या भट्टीतून सुटलेला रुपया आमच्या माणसांनी मायेने भट्टीत घातला होता, आणि माया म्हटली की भांडायला जागाच उरत नाही. तरी मी भांडले. काकूने मधे चहा आणला. मी घेतला नाही.

आता एकही नाणं नाही. देवघरात टाक आहे. मी त्याला हात जोडत नाही.