माझं पिल्लू, तिची हाक

हे मी अजून कुणाला बोलले नाही. घरच्यांनाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — म्हणजे बरं पडतं.

मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, आणि यांचं पोकलेनचं काम लागलं म्हणून खोडाळ्याजवळच्या एका पाड्यात येऊन राहिले. हे दिवसभर रस्त्यावर. मी शिलाई मशीन घेऊन एकटी. शेजारी जनाताई. तिनं मला काय नाही दिलं? तापानं पडले तेव्हा पाणी तिनं भरलं, भाकरी तिनं भरवली. ती नसती तर मी तिथं टिकले नसते, हे आधी सांगून ठेवते.

मग यांनी जव्हारहून पिल्लू आणलं. आमच्या घराण्यात कुणी कुत्रं पाळलेलं नव्हतं. मला धड काही कळेना — झोपलं तरी नाकापाशी हात धरून बघायची, श्वास चाललाय ना? पट्टा आणला, दूध पाजलं, नाव ठेवलं राजा. दुधानं त्याचं पोट बिघडलं. जनाताईनं नागलीची, म्हणजे नाचणीची, पेज पाजली, बरं झालं. तिथं कुत्र्याला कुणी बांधत नाही. तिनं पट्टा सोडला आणि हाक मारली, "बाळू!" — आणि ते धावलं.

राजा म्हटलं की कान हलवायचं नाही. बाळू म्हटलं की तीरासारखं. दिवसभर तिच्या चुलीच्या राखेत. माझ्याकडे यायचं ते फक्त झोपायला. मी कुणावर जळत होते? तिच्यावर? की त्या एवढ्याशा जिवावर, ज्यानं माझी एकुलती मैत्रीण पळवली? दोन्ही. खरं सांगायचं तर दोन्ही.

दिवाळी झाली. पाड्यातली माणसं भिवंडीकडे वीटभट्टीवर निघायची वेळ आली. कोंबड्या, भांडी, कुत्री, सगळं ट्रकमध्ये जातं. हातपंपावर बायका हसल्या, "सुनंदे, तुझा कुत्रा जातोय गं जनीसंगं! तू बस पट्टा धरून." मीही हसले. पण घरी येऊन त्याला आत घेतलं आणि कडी लावली.

ट्रक आला, तशी जनाताई माझ्या दाराशी आली. तिनं काही विचारायच्या आधीच मी म्हटलं —

"ताई, राजाला वाघानं नेला."

कसं सुचलं? माहीत नाही. तिथं बिबट्यालाही वाघच म्हणतात; मी तर तो कधी पाहिलाही नव्हता. तिचं तोंड पांढरं पडलं. हातातलं गाठोडं ओट्यावर टाकून ती पाड्याखालच्या घळीकडे धावली. मुकादम शिव्या देत होता, तिचा नवरा ट्रकमधून ओरडत होता, आणि ती खाली काट्यांत हाका मारत होती — बाळू, बाळू. आत राजा जागा झाला. कुंईकुंई करायला लागला. मी आत जाऊन त्याचं तोंड दाबून धरलं. किती वेळ? ती थकेपर्यंत.

वर आली तेव्हा तिच्या पायांतून रक्त येत होतं. मी डोळ्यांना पदर लावून बसले होते. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नको बाय. तुझं लेकरू होतं ते. मी आपली त्याच्यासाठी पीठ द्यायला आलेली, म्हटलं मी नसल्यावर पेज कोण करील."

गाठोड्यात नागलीचं पीठ होतं. ती त्याला न्यायला आलीच नव्हती.

ती परतायच्या आत आम्ही जव्हारला खोली घेतली. कामासाठी, असं मी यांना पटवलं. राजा आता मोठा झालाय. हाकेला येतो, पण धावत नाही.

परवा मोखाड्याच्या बाजारात मागून कुणीतरी दंड धरला. जनाताई. वाळली होती. मला बघून केवढी हसली. टोपलीवरचं फडकं तिनं बाजूला केलं. आत काळं पिल्लू.

"आमची कुत्री व्याली. तुला एक ठेवला. दर बाजाराला घेऊन येते, म्हटलं कधी तरी भेटशील."

तिथंच सांगता आलं असतं. निदान नको म्हणता आलं असतं. जीप सुटायला वेळ होता, गर्दी नव्हती, ती समोर उभी होती.

मी दोन्ही हात पुढे केले.