बोरीच्या दहा नळ्या

डॉ. दिगंबरराव सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते झरीच्या एका गोठ्यात. तोंडात बारीक नळी धरून ते म्हशीच्या पोटाखालचे डास तपासणीसाठी त्या नळीत ओढून घेत होते. प्रयोगशाळेत नुकताच लागलेला मी नवे बूट घालून दाराशीच थबकलो. सर म्हणाले, "आत या. शेणाला लाजलात तर डास सापडायचे न्हाईत." मला हसू आलं. ते बोलणं मनावर घ्यायला हवं होतं.

सर पशुवैद्य. त्यांनी उभी हयात मेंदूज्वराच्या विषाणूमागे घातली. बगळ्यांकडून डुकरांकडे आणि डुकरांकडून माणसांकडे हा विषाणू डास पोचवतात. डुक्कर आजारी दिसत नाही, पण विषाणू त्याच्या रक्तात भराभर वाढतो. पारावर बसून सर गावाला समजावत, "डुकराचा काय गुन्हा? त्यालाबी डासच चावलाय. डुकरांचा वाडा घरापसून लांब ठिवा आन् पाणी साचू देऊ नका."

अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी संपादकांनी मला सरांच्या सचोटीवर लिहायला सांगितलं. तिचा सर्वांत जवळचा साक्षीदार मीच आहे, म्हणून लिहितो. लिहिताना मान वर होत नाही.

बोरीत एका मुलीला मेंदूज्वर झाला होता. मुलगी वाचली. सरांनी मला तिथे डुकरं पाळणाऱ्या राधाबाईंच्या दहा डुकरांचं रक्त आणायला पाठवलं. बोरी माझी सासुरवाडी. आमची घरं शिवभक्तांची, डुकराचा विटाळ मानणारी, सासऱ्यांचं भर बाजारात किराणा दुकान. जावई डुकरांमागे गल्लीबोळांतून पळताना दिसला तर त्यांचं नाक कापलं जाईल, एवढीच मला धास्ती. राधाबाई कामाला गेल्या होत्या. वाड्यात एक डुकरीण तेवढी बांधलेली होती, बाकीची डुकरं गावात मोकाट. तिच्याच रक्ताने मी दहाही नळ्या भरल्या, त्यांवर दहा वेगळ्या चिठ्ठ्या लावल्या आणि सासऱ्यांकडे जाऊन पुरणपोळी जेवलो.

दहाही नळ्यांत विषाणू येऊन गेल्याची खूण निघाली. सर बैठकीसाठी परगावी होते. त्यांची वाट न पाहता मी ऐटीत सासऱ्यांना फोन केला, "मामा, गावातली समदी डुकरं बाधित हायेत." दुसऱ्याच दिवशी गावाने राधाबाईंची निम्मी डुकरं शिवेबाहेर पिटाळली आणि उरलेली हलवायला त्यांना दोन दिवसांची मुदत दिली.

सर परतले आणि कागद पाहून म्हणाले, "दहा जनावरं आन् समद्यांत खुणेचा आकडा एकच?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहत राहिलो. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, निवृत्ती जवळ आलेली असताना, सर स्वतः बोरीच्या चिखलात डुकरांमागे धावले, मागे मी नळ्या घेऊन. उरलेल्या पाचांपैकी एकट्या त्या डुकरिणीत खूण सापडली.

ग्रामसभेत सर उभे राहिले. "पैली तपासणी चुकली. चूक माझी हाय. बाईला तरास देऊ नका." मी शेवटच्या रांगेत, सासऱ्यांच्या शेजारी बसलो होतो. एक शब्द बोललो असतो तर भागलं असतं. राधाबाई गावात राहिल्या. हाकललेली डुकरं मात्र पुन्हा मिळाली नाहीत.

परतताना जीपमध्ये सरांनी त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. "खा. उद्या वालूरला जायचंय. सुई तुमीच धरा." थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. त्यानंतर मी एकही खोटी चिठ्ठी लावली नाही, पण खरं कुणाला सांगितलंही नाही.

गेल्या वर्षी बोरीच्या बाजारात राधाबाई सरांना भेटल्या. "डाक्टरसाहेब, तुमच्या चुकीनं माझी डुकरं गेली बगा." सरांनी हात जोडले. "व्हय माय, चुकलं माझं." मी शेजारीच पिशवी धरून उभा होतो.

सत्कार समारंभाला सरांनी राधाबाईंना आग्रहाने बोलावलं आहे. बाईंना वाचता येत नाही, म्हणून हा लेख तिथे मला मोठ्याने वाचू द्यावा, अशी विनंती मी संपादकांना केली आहे. सासरेही येणार आहेत.

राधाबाई, चूक डॉक्टरसाहेबांची नव्हती, माझी होती. आणि सर, आपल्याला निरोगी शंभर वर्षं लाभोत. त्यांतल्या उरलेल्या एकाही वर्षी माझ्यासाठी कुणापुढे आपल्याला हात जोडावे लागू नयेत.